येण्याचे कारण

दहीपुलाच्या उतारावर, भांड्यांच्या दोन दुकानांमध्ये
एक जिना आहे, इतका अरुंद
की चढणाऱ्यानं आधी खोकायचं असतं.
वर पाटी : वडनेरे विश्रांतिगृह, स्थापना १९३४.
खाली : एकट्या बाईस खोली मिळणार नाही.
या ओळीवर कुणीतरी चुना फासलाय,
पण हवा दमट असली की अक्षरं परत दिसतात.

सहा वर्षं येतेय मी. खोली नंबर सात.
लोखंडी कॉट, सागवानी कपाट,
बाहेरून ट्रक गेला की त्याचं दार
कुणी बोलावल्यासारखं उघडतं.
जिन्याच्या नवव्या पायरीवर एकोणसत्तरच्या पुराची रेघ.
चिंतामणराव तिच्यावर रंग देऊ देत नाहीत.
मारुतीच्या गळ्याशी पाणी गेलं होतं, म्हणतात,
आणि स्वतःच्या गळ्याशी बोट नेतात.

गल्ल्यावर वही.
नाव. गाव. कुठून आलात. येण्याचे कारण.
पहिल्यांदा मी लिहिलं : कोर्ट.
ते म्हणाले, तारीख लिहा, बाई,
कोर्ट लिहिलं की वकील वाटतं माणूस.
तेव्हापासून दर खेपेला : तारीख.
येवल्याची सव्वा एकर, विहिरीसकट,
आणि समोरच्या बाकावर माझा धाकटा भाऊ, श्रीपाद.

रामकुंडावर उपाध्यायांच्या वहीत
आठ पिढ्या सापडतात, नुसतं आडनाव सांगा.
आमच्यात माणूस एक रात्र सापडतो,
चिंतामणराव म्हणतात.
पोलिसांना तेवढा पुरतो.

परवा वकिलाला राहण्याच्या पावत्या हव्या होत्या.
सून, केतकी, टॉवेल आणि जुन्या वह्यांचा गठ्ठा ठेवून गेली.
चुकून मी फार मागे गेले.
नाव : चिंतामण दामोदर वडनेरे.
गाव : नाशिक.
कुठून आलात : दुसरा मजला.
येण्याचे कारण : भाऊ.
आगाऊ दोनशे रुपये मिळाले,
सही देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची एकच.
जाण्याची तारीख
कोरी.

म्हणजे खोली नंबर चार.
नेहमी आतून धुपाचा वास येणारी,
मला वाटायचं कुणी पेन्शनर असेल.

सकाळी साडेसातला गॅलरीत दोरी उतरते.
वरून पुरुषोत्तमराव पेपर सोडतात,
वाचून झालेला, शब्दकोड्याची बाजू बाहेर.
आडवे शब्द भरलेले असतात, निळ्या शाईनं, ठासून.
उभे चिंतामणराव भरतात, पेन्सिलनं.
आडवा चुकला असेल
तर उभा जमत नाही, म्हणून ते तो खोडत नाहीत,
दोरीला दोन झटके देतात.
वरून शिवी येते. नऊ वर्षांत तेवढंच बोलणं.
केतकी म्हणाली, सासरे शाई मुद्दाम चुकवतात कधीकधी.
कुठले सासरे, मी विचारलं नाही.
तिला दोघांना चहा न्यावा लागतो,
तेवढं तरी मला कळत होतं.

मी त्यांना विचारलं, तुम्ही अजून भाडं देता?
दर एक तारखेला, ते म्हणाले.
निम्मं वर जातं. भागीदारी आहे ना.

अकरा वाजता कोर्टात पुकारा झाला.
साहेब रजेवर. फक्त सह्या, आणि पुढची तारीख.
श्रीपादनं खिसे चाचपले, शर्टाचा, पँटचा,
मग पुन्हा शर्टाचा.
लहानपणी पाटीवरची पेन्सिलही याची अशीच हरवायची,
आणि मार मला बसायचा.
मी पेन पुढे केलं.
त्यानं सही केली, पेन खिशाला लावलं आणि निघून गेला,
आभार नाही, काही नाही.

संध्याकाळी दहीपुलावर उतरले,
जिन्याशी खोकले.
गल्ल्यावर वही उघडी होती.
पेन आहे का, मी विचारलं.
पर्समध्ये फक्त टोपण होतं.